गोजरा धवलारीन जपानी निवडते

वाशीच्या डॉक्टरीणबाईंनी तळवलीच्या गोजराबाईला हातभट्टी बंद करायला सांगितली, आणि गोजराबाईने ती त्याच दिवशी बंद केली. शब्दाला इतकं जागणारं पेशंट त्या दवाखान्यात दुसरं नसेल. डॉक्टरीणबाई हातभट्टी म्हणाल्या होत्या. विलायतीचं नाव त्यांनी काढलं नव्हतं, आणि जपानचा तर विषयच निघाला नव्हता.

गोजरा प्यायची ती कामासाठी. ती धवलारीन होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजी मागाहून आला, धवलारीन आधीची. देवांना मांडवात बोलवायचं, उंबराची फांदी बांधायची, नवऱ्यानवरीला हळद लावायची, यातल्या एकेका कामाला एकेक लांब सुरातलं गाणं लागतं. त्या गाण्याला धवला म्हणतात. धवलारीन गायल्याशिवाय देव येत नाहीत, आणि देव आल्याशिवाय पुढचं काही हलत नाही. जेवणसुद्धा नाही.

हे काम तिला सासूकडून, चांगुणाबाईकडून मिळालं. चांगुणाबाईने तिला धवले शिकवले ते घरात बसून नव्हे, मिठागरात. मिठाच्या पाट्या वाहताना सासू बांधाच्या त्या टोकाला, सून या टोकाला. सासूने ओळ टाकायची, सुनेने उचलायची, आणि ऐकू गेली नाही तर सासू पाटी खाली ठेवून चालत येऊन शिव्या देऊन परत जायची. सासूला गुडघेदुखी होती. त्या दुखण्याची दया येऊन गोजराने आवाज मोठा केला, असं ती स्वतः सांगायची. तळवलीच्या मांडवात ती उभी राहिली की घणसोलीच्या बायका चुलीतलं लाकूड पुढे सारायच्या, कारण लग्न कुठवर आलंय ते त्यांना घरात बसून कळायचं.

गळा उघडायची रीतही सासूचीच. गावठी जराशी कोमट करायची, त्यात गूळ आणि कुटलेली मिरी. पहिले थेंब बोटाने जमिनीवर, देवाला. उरलेली एका दमात घशात. जिभेला लागू द्यायची नाही, कारण गाणं काही जिभेतून येत नाही. मग खाकरायचं आणि सुरू.

मिठागरं गेली, शेतं सिडकोने घेतली, ठाणे-बेलापूर रस्त्याला कंपन्या आल्या. गोजराचा नवरा गंगाराम एका केमिकलच्या कंपनीत बॉयलरवर लागला. गंगारामच्या गळ्यात माळ होती. तो दारूला शिवत नसे, पण बायकोचं काम ते काम, म्हणून लग्नाला जाताना बाटलीची पिशवी तोच धरायचा. हात सरळ पुढे करून, माळेपासून लांब. लोक लांबून ओळखायचे की धवलारीन येते आहे, कारण पुढे तो हात दिसायचा.

पंच्याऐंशीच्या लग्नसराईत तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. ऐन धवल्याच्या मध्यावर सूर बसला आणि नुसती हवा आली. नवरीच्या आईला वाटलं, पोरीच्या मायेने हिला हुंदका आला. ती येऊन गोजराच्या गळ्यात पडली, दोघी रडल्या, लोकांनाही बरं वाटलं. पण पुढच्या लग्नातही तसंच झालं, आणि तिथली नवरी कुणालाच आवडत नव्हती, त्यामुळे खरं काय ते लोकांना कळलं.

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावून बघितलं. घशात मिरीएवढ्या दोन गाठी होत्या. घशात काय काय घालता, असं त्यांनी विचारलं, गोजराने रीत सांगितली. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी विझवून खाली ठेवली. मग म्हणाल्या, ही हातभट्टी अशीच ओतत राहिलात तर गाणं सोडा, बोलायलाही आवाज उरणार नाही.

गोजराने हळदीचं दूध करून बघितलं. गरम पाणी बघितलं. ज्येष्ठमध चघळलं. गळा बंद तो बंद. एवढी वर्षं एकाच किल्लीने उघडलेलं कुलूप दुसऱ्या किल्लीला दाद देईना.

त्यातच टेप आली. सिताराम नावाचा मराठवाड्याकडचा माणूस घणसोली नाक्यावर लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा. त्याच्याकडे धवल्यांची कॅसेट होती, मुंबईच्या कुठल्या पार्टीने भरलेली. तिच्यात देवांना आमंत्रण जायचं ते बेंजोसकट. दोनतीन घरांनी ती लावली. देव आले की नाही ते कळायला मार्ग नव्हता, पण जेवणं वेळेवर झाली.

म्हणून बोनकोड्याच्या बाजीरावाकडचं लग्न महत्त्वाचं होतं. बाजीराव आधी भात लावायचा, आता विटा-रेती पुरवायचा आणि इमारती बांधायचा. त्याने केलं ते चार गावं करायची. त्याने पोराच्या लग्नात टेप लावली असती तर कोपरखैरण्याने लावली असती, घणसोलीने लावली असती, आणि गोजराला तळवलीत नुसतं गंगारामची बायको म्हणून बसावं लागलं असतं. तिला ते पद कमी वाटत होतं.

बाजीराव आला तो मुलाचं, जयप्रकाशचं लग्न ठरलं म्हणून सुपारी घेऊन. पण सुपारी खिशातच ठेवून तो आधी हवापाण्याचं बोलला, मग घशाचं. सिताराम बरा माणूस आहे, असंही तो कशावरून तरी म्हणाला.

गोजराने त्याला सरळ सांगितलं, "बाजीराव, मी गानार. पन हातभट्टी मना बंद हाय. दुसरी कायतरी घशाला पायजे, ती तू आन."

बाजीराव एकदम खुलला. अडचण आणायच्या वस्तूने सुटत असली की त्याला माणूस आवडायचा. त्याचा मेव्हणा कान्हा उरणकडचा, द्रोणागिरीच्या पायथ्याच्या गावातला, जहाजावर भंडारी होता. भंडारी म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. तो भाच्याच्या लग्नासाठी सुट्टीवर आला होता, आणि येताना लुंगीत गुंडाळून जपानच्या व्हिस्कीच्या तीन बाटल्या घेऊन आला होता. तिन्ही वेगवेगळ्या. बाजीराव म्हणाला, तू निवड, मावशी. जी लागू पडेल ती लग्नापर्यंत तुझी.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोजराच्या ओटीवर निवड झाली. कान्हाने लुंगी सोडली आणि बाटल्या ओळीने मांडल्या. लेबलावरचं कुणालाच वाचता येत नव्हतं, कान्हालाही नाही. गोजराने त्यांना दिसण्यावरून नावं दिली. एकीच्या काचेवर कासवाच्या पाठीसारखे चौकोन होते, ते कासव. दुसरी काळी, आखूड मानेची, पोट सुटलेली, ती मडकी. तिसरीवर दाढीवाला गोरा बाबा हातात पेला घेऊन बसला होता, तो दाढीवाला.

कान्हाला जहाजावरच्या लोकांना खिलवायची सवय होती, त्यामुळे तो समजावून सांगू लागला. कासव तिकडचे कामगार सुटल्यावर पितात, हलकी असते. मडकी साहेब लोकांकडे बघितली, गोडसर आहे. दाढीवाल्याला धुराचा वास आहे. आणि तिकडे ही कुणी एका दमात ओतत नाही, पाणी घालून हळूहळू...

गोजराने त्याला थांबवलं. आधी तिने कासवातली थोडी ओटीच्या फरशीवर सांडली आणि काडी लावली. चांगली गावठी अशी लावली की निळी जळते आणि जळतच राहते. ही भुरकन पेटली आणि विझली.

"पानी हाय हिच्यात," गोजरा म्हणाली.

कान्हाचा चेहरा पडला. बाटलीचं बूच तिच्यासमोरच फोडलं होतं. त्याने शपथ घेतली की जपानचे लोक असं करत नाहीत. गोजरा म्हणाली की गवळीपण शपथच घेतो. मग तिने मडकीला काडी लावली, दाढीवाल्याला लावली. तिन्ही तशाच भुरकन विझल्या. याचा अर्थ तिने असा काढला की सगळं जपानच पाणी घालतं, तेव्हा त्यात लाज धरण्यासारखं काही नाही.

आता खरी परीक्षा. धवल्याची पहिली ओळ होती, "पयलं आमंतरन खाडीचे पान्याला, येवा देवा मांडवान." ही शेवटची 'मांडवान' जितकी लांब जाईल तितका गळा उघडला, असा चांगुणाबाईचा नियम. प्रत्येक बाटलीचा अर्धा पेला, मग ओळ. कुठवर गेली ते गंगारामने ऐकून सांगायचं, कारण त्याच्या कानाला आली म्हणजे कुणाच्याही येईल. तो गावाकडच्या वाटेवर जाऊन उभा राहिला.

गोजराने बोटाने थेंब उडवले आणि कासव रीतीप्रमाणे घशात ओतलं. गूळ नाही, मिरी नाही, चटका नाही. तिने वाट बघितली. खाली गेलं की कुठे हरवलं तेही कळेना. ओळ घेतली. गंगारामने लांबून मान हलवली, आली पण लंगडत आली.

मडकी गोड होती. गूळ घातलेलाच आहे, म्हणून गोजराने तिला थोडा मान दिला. कुठल्या तरी जुन्या लाकडी पेटीचा वास तिला आला, आणि काळ्या मनुकांचा. ओळ बरी गेली. गंगारामने हात अर्ध्यावर उचलला.

मग दाढीवाला. तो तोंडाजवळ नेला आणि गोजरा थांबली. धूर. सुकट भाजताना जाळ खाली बसतो आणि नुसता धूर राहतो, तसा. तिने पेला ओतला आणि ओळ टाकली, आणि 'मांडवान' अशी निघाली की शेजारच्या रखमाने घरातून विचारलं, कुणाचं लगीन आहे. गंगारामने दोन्ही हात वर केले.

"हाच," गोजरा म्हणाली आणि दाढीवाल्याच्या टाळूवर बोट टेकवलं. बाजीरावाने सुपारी काढून तिच्या हातावर ठेवली. बाटली तिच्याकडे राहिली, उरलेल्या दोन कान्हा घेऊन गेला. निवड करून थकवा आला म्हणून ती त्या दिवशी तिन्हीसांजेलाच झोपली, आणि गंगारामने भात लावला.

लग्नाच्या सकाळी बोनकोड्यात मांडव भरला. सिताराम आला होता, कारण बाजीराव सावध माणूस. त्याने भोंगे बांधून ठेवले होते, कॅसेट मशीनमध्ये घालून ठेवली होती आणि तो बाजूला विडी ओढत होता. गोजराकडे बघून त्याने हात जोडले. तिने त्याच्याकडे न बघता देवाच्या कोनाड्याजवळ जागा घेतली. आज मशीन चालू झालं की ते चालूच राहणार, हे दोघांनाही माहीत होतं.

देव बसवायची वेळ झाली. गोजराने दाढीवाल्याचा अर्धा पेला घेतला, थेंब उडवले, ओतला, खाकरली आणि ओळ टाकली. ओळ खाडीच्या पाण्यापर्यंत कसली, मांडवाच्या तिसऱ्या खांबापर्यंतही गेली नाही. पुढच्या बायका ऐकू येत नाही म्हणून मागे वळून बघू लागल्या.

तिने आणखी अर्धा पेला घेतला. तेवढीच.

मग गोजराने बाटली समोर धरून दाढीवाल्याकडे बराच वेळ बघितलं. बाजीरावाला वाटलं मंत्र म्हणते आहे. ती हिशेब लावत होती. त्या दुपारी दाढीवाला तिसरा होता. त्याच्याआधी कासवाने आणि मडकीने गळा पुसून वाट करून ठेवली होती, आणि हा तयार रस्त्यावरून वाजतगाजत गेला. ज्यांनी नांगरलं त्यांना परत पाठवलं आणि जो कापायला आला त्याला मान दिला.

"त्या दोघी आना," ती म्हणाली.

बाजीरावाने कान्हाकडे बघितलं, कान्हाने जमिनीकडे. आदल्या रात्री पाहुणे आले होते. कासव संपलं होतं. मडकी संपून तिच्यात बायकांनी खोबरेल भरलं होतं, नवऱ्याच्या अंगाला लावायला. ती समोरच पाटाजवळ उभी होती.

मांडवात आता कुजबुज सुरू झाली होती. व्याही घड्याळ बघत होते. सितारामने विडी विझवली, ते गोजराने बघितलं. बाजीरावाने मग जे केलं त्याचा त्याला नंतर कुणी दोष दिला नाही. तो घरामागे गेला आणि हातभट्टीचा पेला घेऊन आला. गूळमिरी घालून, कोमट करून. धवलारनीच्या रीतीने.

"आजच्या दिवस घे, मावशी," तो खालच्या आवाजात म्हणाला. "एका पेल्यान काय होतंय."

वास आला आणि गोजराचा गळा आतून ओळखीचं माणूस दिसावं तसा हलला. या पेल्यावर ती तळवलीपर्यंत ऐकू गेली असती. तिला ते माहीत होतं, म्हणूनच तिने पेला हातात घेतला.

गंगाराम तिच्या मागे उभा होता. लग्नात तो कधी काही बोलत नसे. तो वाकला आणि म्हणाला, "आज गाशील. उद्यापास्ना मना हाक कशी मारशील?"

"तुमी तरी कवा आलाव पयले हाकेला," गोजरा म्हणाली.

ते खरं होतं. बॉयलरने गंगारामचे कान निम्मे गेले होते, त्याला दुसरी किंवा तिसरी हाक लागायची. पण ती ज्या घोगऱ्या, अर्ध्या फुटलेल्या आवाजात हे बोलली तो आवाज गंगारामला ऐकूच गेला नाही. तो "आं?" म्हणाला आणि कान पुढे केला.

गोजरा त्याच्या कानाकडे बघत राहिली. मग तिने पेला बाजीरावाला परत दिला. "देवाला ठेव," ती म्हणाली. "त्यांना डाक्टरनं बंद नाय केली." आणि कान्हाला हाक मारून विचारलं की ते जपानी काय करतात म्हणालास, ते आता सांग.

कान्हाने सांगितलं. त्याला त्या दुपारी अर्धंच बोलू दिलं होतं, आज त्याने पूर्ण केलं. घोट घ्यायचा, गिळायचा नाही. तोंडात फिरवायचा. जिभेवर बसू द्यायचा. निम्मं पाणी घालायचं, त्यात कमीपणा नाही, ती पाणी घालण्यासाठीच केलेली असते. त्याने स्वतः पेल्यात दाढीवाला आणि कोमट पाणी घालून दिलं. गोजराने जन्मात पहिल्यांदा दारू जिभेवर ठेवली. आधी धूर आला. धुराच्या मागून भात शिजत आल्यासारखं काहीतरी गोड आलं. मग सावकाश, कुणी ढकलल्याशिवाय, ते खाली उतरलं.

मांडव तिच्या तोंडाकडे बघत होता. ती दुसरा घोट घेऊन तसाच तोंडात धरून बसली. एका म्हातारीने विचारलं, हिला दात दुखतो काय.

मग गोजराने ओळ घेतली. आवाज लहानच आला. पण फाटला नाही. कडा नसलेला, खालच्या पट्टीतला, झोळीतल्या पोराला म्हणावा तसा. 'मांडवान' शेवटपर्यंत सलग गेली, फक्त गेली ती पुढच्या दोन रांगांपर्यंत. त्या दोन रांगा गप्प झाल्या. मागच्या रांगा म्हणू लागल्या, काय चाललंय.

बाजीरावाचा चेहरा बघण्यासारखा झाला. देव आले असतील, पण बोनकोड्याला कळायला नको?

गोजराने आयुष्यभर भोंग्याला नाकं मुरडली होती. भोंगा म्हणजे ज्याला गळा नाही त्याची सोय, असं ती म्हणायची, आणि सितारामच्या तोंडावर म्हणायची. आता तिने त्याच्याकडे हात केला.

"आन तुजा तो दांडा."

सिताराम माइक घेऊन आला. कॅसेटचं काय करू, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, खिशात घाल. सितारामने कॅसेट खरोखर काढून खिशात घातली, माइक तिच्या तोंडासमोर बांधला आणि म्हणाला, "मावशी, टेन्शन नका घेऊ. हळूच गा. मी आहे ना वाढवायला."

ती गायली. लहान आवाज भोंग्यातून निघाला आणि बोनकोड्यावर पसरला. ओरडून आलेला आवाज आणि कानाशी बोललेला आवाज यात फरक असतो. हा गावभर कानाशी बोलत होता. लोक घरातून येऊन मांडवाच्या कडेला उभे राहिले.

एकच गोष्ट गोजराला कुणी सांगितली नव्हती. दोन ओळींच्या मध्ये धवलारीन गप्प बसत नाही. ती बायकांना कामं सांगते, चुका काढते, घोट मागते. आजवर ते शेजारच्या चारजणींनाच ऐकू जायचं. आज देवांना तिसरं आमंत्रण गेलं, आणि लगेच सगळ्या भोंग्यांतून आलं, "बाजीराव, पोट आत घे, देव दिसत नाय मना."

मांडव हसला. गोजराला वाटलं कुणाचं धोतर सुटलं असेल. ती पुढे म्हणाली. चौथ्या ओळीनंतर गावाला कळलं की हळद पातळ कालवली आहे, व्याह्यांनी करवलीला दिलेलं लुगडं दिव्यासमोर धरलं तर पलीकडची भिंत दिसते, आणि जपानची दारू वाईट नाही पण ती पिताना माणसाला वेळ फार लागतो. व्याही इतके हसले की त्यांच्या मुंडावळ्या बांधायच्या हाताला गाठ येईना. सितारामचा हात बटणावर होता. त्याने ते बंद केलं नाही.

रखमा तळवलीहून आली होती. तिने वाकून गोजराच्या कानात सांगितलं की हे सगळ्यांना ऐकू जातंय. गोजराने माइककडे बघितलं, भोंग्यांकडे बघितलं, आणि घोट घेतला.

"जाऊ दे," ती माइकमध्येच म्हणाली. "खोटं कनचं हाय त्यातलं?"

हळद झाली, उंबर झाला, गोरजावर लग्न लागलं. शेवटचा धवला नवरीला घरात घ्यायचा. तोही तिने म्हटला, खालच्या पट्टीत, सलग. बाजीराव मध्येच येऊन तिच्या पाया पडून गेला, आणि जाताना पोट आत घेतलेलं होतं. कोपरखैरण्याच्या एका माणसाने पुढच्या महिन्याची तारीख विचारली, आणि दांडा मावशी आणणार की आपण आणायचा, हेही विचारलं. ती म्हणाली, सिताराम आणील, त्याच्याशी बोल.

पंगत बसली तेव्हा सिताराम माइक सोडवायला आला. मांडव एकदम सुना झाला होता. भोंग्यांतून नुसता घरघर आवाज येत होता. गोजराने पदराने तोंड पुसलं आणि पानाकडे चालू लागली. मग थांबून तिने त्याच्या खिशाकडे बोट केलं.

"लाव आता तुजी टेप," ती म्हणाली. "मना भूक लागली हाय. तिला काय भूक नाय."